ओवी जिथं अडखळते

"मदिनेऽऽ! ये गं, जातं वाट बघाय लागलंय!"

भिंतीपलीकडून झुंबरबाईची ही हाक आली, की तहमीनाची दादी हातातलं काम तिथंच टाकायची. चुलीवर चहा असला तर उतरवून ठेवायची, पदर खोचायची आणि सुपातले हरभरे घेऊन शेजारच्या पडवीत निघायची. तहमीना तेव्हा पाचेक वर्षांची. इनामगावात ज्वारी-बाजरी केव्हाच गिरणीत जायला लागली होती, पण डाळ भरडायला आणि लग्नाची हळद दळायला जातं लागायचंच, आणि ते जातं होतं झुंबरबाईकडं. हाकेतला शेवटचा 'ने' लांबत लांबत घोडनदीच्या वाळूपर्यंत जायचा, असं तहमीनाला अजून वाटतं.

पुढच्याच वर्षी दादी गेली. तिचा एक फोटो नाही. रेशनकार्डावर नाव होतं, तेही दीर्घ दी काढून चुकवलेलं, आणि कार्ड बदललं तेव्हा ती चूकही गेली. इनामगावच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या टेकाडात, तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडली, ती शिकलेल्या लोकांनी कापसात गुंडाळून पुण्याला नेली. पण पंचवीस वर्षांमागच्या एका बाईची म्हणावी अशी वस्तू त्या गावात उरली नव्हती.

म्हणून असेल, तहमीनाला एक खोड लागली होती. दौंडला स्टेशनरोडवर तिचं कॉम्प्युटरचं दुकान. कुणाचा कीबोर्ड बदलला, कुणाला मराठी बसवून दिलं, की तपासायला ती पहिला शब्द लिहायची, मदिना. नीट उमटला की खोडून टाकायची. दिवसातून चार-पाच वेळा दादी पडद्यावर यायची, उभी राहायची, जायची. गिऱ्हाइकाला पत्ताही नसायचा.

त्या सोमवारी सकाळी शंकरराव दोन लॅपटॉप घेऊन दुकानात आले. एक काखेत, एक खोक्यात. शंकरराव म्हणजे झुंबरबाईंचा थोरला मुलगा. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि दौंडलाच राहिले. गावची पोरगी म्हणून कॉम्प्युटरचं काही अडलं की ते तहमीनाकडंच यायचे.

"सम्राटनं धाडलाय पुण्यावरनं," त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. "म्हनला, बाबा, तो जुना टाका आता, त्याचा पंखा गिरणीवानी वाजतोय. आता ह्याच्यातलं समदं त्याच्यात घाल बाई. जसंच्या तसं. काय म्हंजी काय इकडंतिकडं व्हता कामा न्हाई."

"जसंच्या तसंच असतं आप्पा. जुन्यावर आहे ते नव्यावर. मी पदरचं घालत नाही आणि कुणाचं गाळत नाही."

"अन् माझा कीबोर्ड? टायपिंगची परीक्षा दिलीय मी, तीसच्या स्पीडची. माझी बोटं त्याच जुन्या मशीनीच्या हिशेबानं चालत्यात. ते ह्या नव्या पोरांचं, इंग्रजीत लिवा आन् मराठीत वाचा, ते मला न्हाई जमायचं."

"तुमचा रेमिंग्टन घालते. अजून?"

शंकररावांनी जरा आवाज खाली आणला. आनंदाची गोष्ट सांगताना माणूस आणतो तसा. "पुस्तक झालंय माझं. आईच्या ओव्या. एकोणनव्वद साली टेप केल्या हुत्या मी, त्या सहा वरीस बसून उतरवल्या. दोनशे चौदा. परवा शिरूरच्या छापखान्यात द्यायच्यात. चार पानं तेवढी राह्यलीत, ती ह्याच नव्या मशीनवर टाइप करतो. तवा आजच झालं पायजे बग."

तहमीनानं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लावली, मध्ये वायर जोडली. पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायला लागली. शंकरराव खुर्ची ओढून पट्टीसमोर असे बसले, जसा गार्ड डब्यात बसतो.

"कुठवर आली गाडी?" पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं.

"वीस टक्के."

"टक्के नगं सांगू, टेशन सांग. पुण्यावरनं सुटलीय आन् दौंडला यायचीय."

तहमीना हसली. "मग लोणीला आहे."

"लोणीला सायडिंगला पडली म्हन की. माझ्या नोकरीत निम्मं आयुष्य लोणीलाच गेलं."

यवतपर्यंत त्यांनी धीर धरला. मग समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले. जाताना बजावून गेले, "केडगाव आलं की हाक मार."

तहमीनानं तोवर नव्या यंत्रावर कीबोर्ड बसवला आणि सवयीनं लिहिलं, मदिना. नीट उमटलं. बोटांच्या जागा तशाच आहेत ना हे बघायला तिनं तोच शब्द जुन्या यंत्रावर लिहिला. म, दि, ना. पुढं जायची कळ दाबली आणि तिच्या डोळ्यांदेखत शब्द हलला.

मैना.

तिला वाटलं, आपलंच बोट चुकलं. पुन्हा लिहिलं. मदिना उमटलं, क्षणभर थांबलं, आणि मैना झालं. तिसऱ्यांदा तिनं एकेक अक्षर मनात मोजत लिहिलं. दादी आली, उभी राहिली, आणि तिच्या जागी पाखरू बसलं.

दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. दौंड शहरात कीबोर्ड तपासायला 'मदिना' लिहिणारं माणूस एकच होतं.

असं का होतं हे शोधायला वेळ लागत नाही. लिहायच्या प्रोग्रॅममध्ये एक यादी असते. अमुक लिहिलं तर तमुक कर, असं आपण यंत्राला शिकवून ठेवतो, आणि मग ते न विचारता करत राहतं. ऑटोकरेक्ट म्हणतात ते. सेटिंग हलवायची तर ही यादीही हलवावी लागते, म्हणजे उघडणं कामातच बसत होतं. तहमीनानं उघडली. शंकररावांनी पुष्कळ शिकवलं होतं यंत्राला. 'इगा' लिहिलं की 'इनामगाव'. 'झु' लिहिलं की 'झुंबरबाई'. 'घोन' लिहिलं की 'घोडनदी'. ती गालात हसत खाली खाली गेली, आणि 'म'वर थांबली.

मदिना – मैना.
मदिने – मैने.
मदिनाला – मैनेला.
मदिनाचा – मैनेचा.
मदिनाच्या – मैनेच्या.

ही काही बोटाची चूक नव्हती. विभक्त्या लावून, एकेक प्रत्यय आठवून, कुणीतरी शांतपणे बसून हे काम केलं होतं. दादी कुठल्याही दारानं आली तरी तिला आत घ्यायचं नाही, असा बंदोबस्त होता.

पण का? तहमीनाला राग यायला हवा होता. त्याआधी नवल वाटलं. एखाद्याच्या घरात आपल्या घरची वाटी दिसावी आणि ती तिथं कशी गेली हे कळू नये, तसं. शब्द वारंवार येत असेल तरच माणूस त्याची सोय करतो. म्हणजे दादीचं नाव त्या टेपमध्ये होतं. एकदा नाही, वारंवार.

तिनं अब्बांना फोन लावला. मीरासाहेब इनामगावात शेळ्या राखतात. मागं बें बें ऐकू आलं.

"अब्बा, दादी गायची का हो?"

"कोन, अम्मी?" मीरासाहेब हसले. "शेळ्यांवर वरडायची ती. त्याला गानं म्हनलीस तर म्हन."

"जात्यावर?"

"जातं आपल्यात कुठं हुतं? ते झुंबरमावशीच्या पडवीत. तिथं बायांत आमी पोरं कशाला जातोय? का गं?"

"काही नाही. नंतर सांगते."

शंकरराव चहा घेऊन आले, तिच्यासाठीही एक कप. "केडगाव?"

"पाटस गेलं. शंभर टक्के होत आलं," ती म्हणाली. "आप्पा, इथं जरा बघा." आणि तिनं जुन्या यंत्रावर सावकाश लिहिलं, मदिना. ते मैना झालं.

शंकररावांनी चहाचा घोट घेतला. तो जास्त गरम असावा. "मशीनच जुनं झालंय. म्हनूनच बदलतोय."

"जुनं यंत्र अडतं आप्पा, विभक्त्या लावत नाही." तिनं यादी दाखवली.

ते यादीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, वव्यांमधी मैना असतीच की. समद्यांच्याच असती. वापरात असलेला शब्द हाय तो."

"असते ना. पण मग आता मी काय करू? तुम्ही म्हणालात जसंच्या तसं. ही यादीपण तिकडं घालू?"

शंकरराव कपातल्या चहावर फुंकर घालायला लागले.

"एकदा टेप ऐकू द्या मला."

"बुरशी धरलीय टेपांना."

"बुरशी पुसता येते. माझ्याकडं लोक लग्नाच्या टेपा घेऊन येतात."

"न्हाई, न्हाई. नगं," ते एवढ्या घाईनं म्हणाले की तहमीना त्यांच्याकडं बघतच राहिली. फलाटावर कुठली तरी डेमू गाडी येऊन लागल्याची घोषणा रस्त्यावरून ऐकू येत होती. शंकररावांनी सवयीनं घड्याळ बघितलं.

तहमीनानं नव्या यंत्रावर पुस्तकाची फाइल उघडली. *झुंबरबाईच्या ओव्या.* फाइल शाबूत आली का हे गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचंच असतं. तिनं 'मैना' आणि 'मैने' दोन्ही शोधायला सांगितलं. एकसष्ट जागा. एकसष्टही जागी 'मदिना' करून टाकणं हे एका कळीचं काम होतं. पण त्या सगळ्याच जागी दादी नव्हती. काही मैना खरोखरच्या मैना असणार. यंत्रानं दोघींना एका रंगात रंगवून ठेवलं होतं, आणि पानावर बघून आता कुणालाच सांगता आलं नसतं की पाखरू कुठलं आणि बाई कुठली. परवा ते छापलं गेलं, की कायमचं.

ती पहिली ओवी मोठ्यानं वाचायला लागली.

*घोडनदीच्या काठी, वाळू लागते पायाला*
*मैना चाले पुढं, थंड पाणी गं न्यायाला*

वाचताना तिला दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला काहीतरी लागलं. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी उजवा हात टेबलावर गोल फिरवत, जातं ओढल्यासारखा. घो-ड-न-दी-च्या-का-ठी, हात पुरा फिरला. मै-ना-चा-ले-पु-ढं, आणि हात फेरा पुरा व्हायच्या आतच थांबला.

"मदिना चाले पुढं," ती म्हणाली. हात पुरा फिरला. जातं जागेवर आलं.

तिचे डोळे चमकले. यंत्राला नाव बदलता आलं होतं, पण मदिना तीन अक्षरांची आणि मैना दोनाची. जिथं जिथं दादीला उठवून पाखरू बसवलं होतं, तिथं तिथं ओवी लंगडत होती. नाव गेलं होतं, पण त्याची जागा ओवीनं रिकामी ठेवली होती.

मग तिनं सपाटाच लावला. एक ओवी म्हणायची, हात फिरवायचा. लंगडली की 'मदिना' करायचं, नाही लंगडली की पुढं जायचं. एक माणूस झेरॉक्स काढायला आला, तो कागद हातात धरून ऐकत उभा राहिला आणि झेरॉक्स न काढताच गेला. शंकरराव खाली मान घालून बसले होते. उठून जात नव्हते, आणि थांबवतही नव्हते.

*दगडाच्या रे जात्या, कवा मिटशील ओठ*
*मैना घाली घास, तुझं भरंना रे पोट*

"लंगडली," तहमीना म्हणाली. "मदिना घाली घास."

पुढची.

*माझ्या गं अंगणात, कोण येऊन बसली*
*पिवळ्या चोची मैना, मला बघून हसली*

घाईत हात जरा आधीच सुटला. "हीपण लंगडली. मदि—"

"न्हाई न्हाई!" शंकरराव ताडकन म्हणाले. "ती खरी मैनाच हाय. पाखराची. चोच हाय की तिला!"

तहमीनानं कळीवरचं बोट उचललं.

"म्हणजे तुम्हाला सगळ्या माहीत आहेत, आप्पा. कुठली कुठं आहे ते."

शंकररावांनी कप बाजूला सरकवला.

"अडतीस हायेत," ते म्हणाले. "अडतीस ठिकाणी मदिना. बाकीच्या तेवीस खऱ्या."

"आणि यादी तुम्ही केली."

"व्हय. मीच घातली." ते स्वतःच्या बोटांकडं बघत होते. "पहिल्यांदा वाटलं, लिवताना बदलत जाऊ, हाय काय त्यात. पर कानाला टेप लावली की बोटं ऐकायची न्हाईत गं. कानात मदिना पडलं की बोटं मदिनाच लिवायची. पस्तीस वरीस गार्डाच्या वहीत जे घडलं तेच लिवलं. गाडी सात मिनिटं लेट तर सातच. सवय मोडंना. मग म्हनलं, आपल्याच्यानं हुत न्हाई तर मशीनला सांगावं. त्याला काय कळतंय."

तहमीनाला हसू आलं. मशीनकडून खोटं बोलवून घेणारी माणसं तिनं पुष्कळ बघितली होती. स्वतःची बोटं ऐकत नाहीत म्हणून ते यंत्राच्या गळ्यात घालणारा हा पहिलाच.

"पण एवढं कशासाठी? मैत्रिणीचं नाव ओवीत आलं तर कुणाचं काय बिघडत होतं?"

"लोक इचारत्यात. ही मदिना कोन, कुठली. मैना म्हनलं की कोन इचारीत न्हाई." त्यांनी मान हलवली. "राहू दे आता. कर तुला काय करायचं ते. अडतीस ठिकाणी घाल नाव. माझी ना न्हाई."

हवं होतं ते मिळालं होतं. दादीचं नाव पुस्तकात जाणार होतं, अडतीस वेळा. तहमीनानं उरलेल्या ओव्या दुरुस्त केल्या. शंकररावांनी आता न लपवता सांगितलं, ही खरी, ही बदललेली. काम झटक्यात झालं. तिनं फाइल जपून ठेवली, आणि बंद करायच्या आधी त्या अडतीस ओळी एकाखाली एक काढल्या. नुसत्या बघायला. इतक्या वर्षांनी एवढी दादी एका जागी बघायला मिळत होती.

मदिना चाले पुढं. मदिना घाली घास. मदिना वाट पाही. मदिना भाऊ मागे. मदिना थकलेली.

ती खालून वर गेली, वरून खाली आली. काहीतरी अजून टोचत होतं. ओव्या आता लंगडत नव्हत्या. टोचत होतं ते दुसरंच.

"आप्पा, एक विचारू?"

"आता काय राह्यलं?"

"आपण दुसऱ्या कुणाचं नाव गाण्यात घेतो ना, तेव्हा माझी म्हणतो. माझी सई. माझी बहीण. त्या मैनेच्या ओवीत बघा, अंगणसुद्धा 'माझं' आहे. मग ह्या अडतीसमध्ये 'माझी मदिना' एकदाही का नाही? झुंबरआजी तिला रोज हाक मारायच्या. मैत्रिणीवर अडतीस ओव्या म्हटल्या आणि एकदाही माझी म्हटलं नाही?" तिनं पडद्यावरून बोट फिरवलं. "ही नुसतीच मदिना आहे. कागदाच्या खाली सही करतात तशी."

शंकरराव उठले. तहमीनाला वाटलं, निघाले. ते दारापर्यंत गेले, रस्त्याकडं बघत उभे राहिले, आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसले.

"आईचं नाव कशावरच नव्हतं गं," ते म्हणाले. "सातबाऱ्यावर वडलांचं. देवळाच्या पायरीवर आज्याचं. घरावर पाटी केली तिच्यावर माझं. ती गेली तवा मला वाटलं, एका पुस्तकावर तरी तिचं नाव असावं. एवढंच. दुसरं काय माझ्या मनात नव्हतं."

"ते असायलाच पाहिजे की."

"आयक. दोनशे चौदा न्हाईत त्या. दोनशे पंधरा हायेत. एक मी टाइपच केली न्हाई. मशीनला सांगून पन तिचं काय करता आलं नसतं." त्यांनी घसा साफ केला. गार्डाचा, शिट्टी फुंकून फुंकून जाड झालेला आवाज. त्यांनी ती गायली नाही, नुसती म्हटली, पण हात आपसूक गुडघ्यावर गोल फिरला.

*झुंबर माझी सई, टेप बघून लाजली*
*मदिना गाते ओवी, सई खुंट्याला लागली*

तहमीनाला कळलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं, आणि तिनं ते येऊ दिलं.

"दौंडावरनं टेपरेकॉर्डर मागून नेलता मी," शंकरराव म्हणाले. "आईपुढं धरला, तर तिनं तोंडाला पदर लावला. शेवटपर्यंत काढला न्हाई. म्हनली, मला न्हाई बाई यंत्रापुढं येत. आन् तसं बी तिला कवा येतच नव्हतं, ती नुसती ऐकायची. त्या टेपांत आईचा आवाज कुठंच न्हाई, तहमीना. आई जातं वढत हुती. गात हुती ती तुझी दादी."